डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला पुण्यात: राहायचं कुठे आणि कुणासोबत?

माळरान

डीएसईच्या (डिप्लोमावरून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश) कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीची यादी लागली की गावाकडून फोन सुरू होतात. "दादा, पुण्यात सीट लागली, रूमचं बघ ना." कटऑफ, फी, शिष्यवृत्ती यांबद्दल पाहिजे तेवढी माहिती मिळते. राहायचं कुठे आणि कुणासोबत, हे मात्र कुणी धड सांगत नाही. म्हणून हा धागा काढतोय. मी लातूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, थेट दुसऱ्या वर्षाला पुण्यात आलो, आता शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या आगेमागे आलेले बरेच जण इथे वाचतात, त्यांनीही लिहावं.

आपली सगळी ओढाताण वेळापत्रकामुळे होते. बारावीवरून येणारी मुलं पहिल्या वर्षालाच होस्टेलचा फॉर्म भरतात. ज्यांना मिळत नाही ती चार-पाच जणं मिळून फ्लॅट घेतात. दुसऱ्या वर्षाला तीच माणसं, त्याच खोल्या. आपला एमएसबीटीईचा, म्हणजे डिप्लोमाच्या बोर्डाचा निकाल लागतो जूनमध्ये. मग कागदपत्रांची पडताळणी, मेरिट लिस्ट, ऑप्शन फॉर्म, एकामागून एक राउंड. सीट पक्की होईस्तोवर ऑगस्ट निघून जातो, कधी सप्टेंबरही उजाडतो. तोवर वर्ग सुरू झालेले असतात, बॅचेस पडलेल्या असतात, प्रॅक्टिकलचे ग्रुप ठरलेले असतात. आणि आपल्या जागा तरी येतात कुठून? पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागा, अधिक मंजूर प्रवेशक्षमतेच्या वर १० टक्के. वर्गात जादा बाक टाकला जातो, होस्टेलमध्ये जादा कॉट टाकायचा विचार फारसा कुठे झालेला दिसत नाही.

माझं मत सरळ आहे. पहिलं वर्षभर कॉलेजपर्यंत चालत जाता येईल इतक्या जवळ राहा, आणि खोलीत निदान एक पार्टनर तुमच्याच ब्रँचचा, बारावीवरून आलेला असू द्या. कॉटमागे हजार रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या. आपलं गणित डिप्लोमाच्या पहिल्या वर्षानंतर सुटलेलं असतं आणि इथे एकदम एम-थ्री (इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर) समोर येतं: लाप्लास, फुरिये, व्हेक्टर कॅल्क्युलस. एम-वन आणि एम-टू झालेलंच आहे असं धरून सर शिकवतात. क्लास लावून हे भरून निघतं थोडंफार, पण रात्री अकरा वाजता अडलेलं उदाहरण क्लासवाला सोडवून देत नाही, पार्टनर देतो. उलट बाजूने आपल्याकडेही देण्यासारखं असतं. सबमिशनच्या आठवड्यात आमच्या फ्लॅटवर दोन बादल्यांवर काच आडवी टाकून, खाली बल्ब लावून जीटी (ग्लास ट्रेसिंग, दुसऱ्याचं ड्रॉइंग काचेवरून उतरवणं) मारायचा कार्यक्रम चालायचा. माझा हात ड्रॉइंगला बसलेला होता. मी एकाला सेक्शनल व्ह्यू काचेशिवाय काढायला शिकवला, त्याने मला लाप्लास शिकवलं. आमची ओळख तिथे झाली. वर्गात आम्ही महिनाभर एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हतो.


आकुर्डी_लोकल

धागा हवाच होता. पण मित्रा, तुझं निम्मं पटलं.

चालत जाण्याच्या अंतरावर राहणं सगळ्यांना झेपत नाही. मी जळगावचा, कॉलेज निगडी-आकुर्डी पट्ट्यात. आत्या दापोडीला राहते. दुसरं वर्ष पूर्ण तिच्याकडे काढलं. दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, लोकलचा पास काढला की भाड्याचा प्रश्नच नाही. दुपारी गाड्या विरळ असतात, त्यामुळे लवकर सुटलो तरी लायब्ररीत बसावं लागायचं, आणि त्या बसण्याने माझा अभ्यास झाला. घरचं जेवण, आत्याचं लक्ष. तब्येत टिकली. आमच्या बॅचमध्ये आल्या आल्या कावीळ, टायफॉइड झालेली मुलं मी पाहिली आहेत.

दुसरं म्हणजे, तिसऱ्या वर्षी मी आमच्याच पॉलिटेक्निकच्या दोघांबरोबर फ्लॅट घेतला. तुझ्या हिशेबाने हे चुकीचं. मला तसं अजिबात वाटत नाही. वर्गात कुणी विचारत नाही, ग्रुप प्रोजेक्टला शेवटी उरलेल्यांचा एक ग्रुप बनतो आणि त्यात आपण असतो. अशा दिवशी संध्याकाळी खोलीवर आल्यावर आपल्याला तीन वर्षं ओळखणारं माणूस समोर असलं तर किती बळ येतं, हे ज्याला नव्हतं त्याला विचार.


माळरान

@आकुर्डी_लोकल, आत्या असेल तर प्रश्नच मिटला, जरूर राहावं. जुने मित्र नकोतच असं माझं म्हणणं नाही. तिघंही एकाच पॉलिटेक्निकचे, तिघांनाही एम-थ्री अवघड, तिघांनाही कॉलेजातलं कुणी ओळखत नाही, असं वर्षभर चाललं की मुलं त्या फ्लॅटबाहेर पडतच नाहीत. आमच्याच बिल्डिंगमध्ये असा एक फ्लॅट होता. दिवाळीपर्यंत त्यातल्या एकालाही वर्गातल्या पाच जणांची नावं सांगता येत नव्हती. दोन जुने आणि एक-दोन नवे, अशी मोट बांधता आली तर उत्तम.


शेताच्या_बांधावरून

नमस्कार. मी पालक आहे, नांदेड जिल्ह्यातला. मुलीने शासकीय तंत्रनिकेतनातून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, टक्के चांगले आहेत. पहिल्या राउंडला कराडला नंबर लागला, पण तिला पुण्याची आशा आहे म्हणून बेटरमेंट (पुढच्या राउंडला आणखी चांगलं कॉलेज मिळण्याची संधी) घेतली. इकडे पुण्यातला एक एजंट रोज फोन करतो. म्हणतो मुलींच्या पीजीत शेवटच्या दोन कॉट राहिल्यात, आज टोकन पाठवा नाहीतर उद्या मिळणार नाहीत. पाठवावं का? आमच्या घरातलं कुणी पुण्यात नाही. मुलीला एकटीला पाठवायचं म्हणजे जीव थोडा खालीवर होतो.


माळरान

काका, टोकन पाठवू नका. सीट फ्रीझ, म्हणजे कायमची पक्की झाल्याशिवाय एक रुपयाही कुणाला देऊ नका. बेटरमेंट घेतली म्हणजे पुढच्या राउंडला कॉलेज बदलू शकतं, शहर बदलू शकतं, आणि पुण्यातल्या पुण्यात लागलं तरी बिबवेवाडीचं कॉलेज आणि ताथवड्याचं कॉलेज ही पार दोन टोकं आहेत. कोथरूडची कॉट घेऊन ठेवली आणि नंबर आकुर्डीला लागला तर रोज तास-दीड तास एका बाजूला जाईल. टोकन परत करणारा एजंट मला अजून भेटलेला नाही.

सीट पक्की झाली की तुम्ही दोघं मिळून या. दोन दिवस हाताशी ठेवा. पहिल्या दिवशी कॉलेजात रिपोर्टिंग करून थेट मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर मॅडमना भेटा. ऑनलाइन "हाउसफुल" दिसलं तरी भेटा. बेटरमेंटमध्ये दुसरीकडे गेलेल्या, प्रवेश रद्द केलेल्या मुलींच्या जागा याच काळात मोकळ्या होतात, आणि समोर उभ्या असलेल्या पालकांना त्या मिळालेल्या मी पाहिल्या आहेत. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळात रूम बघा. पाण्याला प्रेशर आहे का, गल्लीत दिवे आहेत का, जिन्यात कोण बसतं, हे सकाळी अकराला कळत नाही.


तिसरा_मजला

कागदांचं मी लिहितो, कारण यात मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

कॉट बेसिसवर राहताना बहुतेक मालक करार करत नाहीत. "कशाला खर्च, विश्वासावर चालतं." पण तुमचा करार नसला की तुम्ही त्या पत्त्यावर राहता याचा पुरावाच राहत नाही. ज्यांना सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही त्यांच्यासाठी योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पुण्यासारख्या मोठ्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये. ही रक्कम म्हणजे अनेकांच्या कॉटचं आणि मेसचं जवळजवळ अख्खं वर्ष. अर्जासोबत भाडेकरार मागतात. विश्वासावर राहणाऱ्याने तिथे काय जोडायचं? आधार योजनेत जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, तेव्हा अर्ज सुटले की लगेच भरा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना वेगळी आहे, ती महाडीबीटीवर दिसते. पैसे हप्त्यांनी येतात आणि भाड्याच्या तारखेला येतीलच असं नाही, त्यामुळे पहिल्या तीन-चार महिन्यांची सोय घरून करून ठेवा.

करार म्हणजे ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. शहरात नोंदणी फी १,००० रुपये, वर थोडी स्टँप ड्यूटी. आता हे सगळं ऑनलाइन होतं, आधारवर अंगठा दिला की झालं. चौघांत वाटला तर खर्च नगण्य आहे. मालक अडून बसला तर खर्च आम्ही भरतो म्हणा. मी तसंच केलं आणि आमचे मालक तयार झाले. करारात डिपॉझिटची रक्कम, किती दिवसांची नोटीस, रंगाचे पैसे कापणार का, हे तीन मुद्दे लिहून घ्याच. नोंदणीबरोबर पोलिसांना भाडेकरूची माहिती देणंही मालकानेच करायचं असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

काका, तुमच्या मुलीसाठी आणखी एक. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण त्यात होस्टेल आणि मेस येत नाही. "मुलींना सगळं फुकट" असं ऐकून आलेले पालक डिपॉझिटच्या वेळी हबकतात. तो आकडा आधीच बाजूला काढून ठेवा.


धनकवडीची_मेस

मी धनकवडीत मेस चालवते. मुलाने हा धागा दाखवला, म्हणून लिहिते.

पोरांनो, महिन्याचे पैसे भरण्याआधी दोन वेळा गेस्ट म्हणून जेवून बघा. एकदा दुपारी, एकदा रात्री. रात्रीची चपाती गरम देतात का दुपारचीच, हे रात्रीच कळतं. खाड्याचं विचारून घ्या. माझ्याकडे सलग तीन दिवस येणार नसाल आणि आदल्या दिवशी सांगितलं तर तेवढे दिवस पुढे वाढवून देते. एखाद्या वेळचा खाडा धरत नाही, कारण तुमच्या वाटची कणीक मळलेली असते. काही ठिकाणी खाडा धरतच नाहीत, काही ठिकाणी कूपन असतं. गावाला फार जाणाऱ्याने कूपनचीच मेस धरावी. रविवारी रात्री बहुतेक सगळ्या मेस बंद असतात, गौरी-गणपतीत आणि दिवाळीत तर आम्ही बायकाही घरी असतो. त्या दिवसांची सोय ठेवा, पोहे-रवा काहीतरी खोलीवर असू द्या. उपाशी झोपू नका.

गणपतीच्या सुमारास जी नवी पोरं येतात ती मला लगेच ओळखू येतात. कोपऱ्यात बसतात, फोनकडे बघत जेवतात, दहा मिनिटांत ताट ठेवून जातात. बाकीची पोरं एकमेकांच्या ताटातलं लोणचं उचलत असतात. मी आता एक करते. नवा आला की विचारते कॉलेज कुठलं, वर्ष कुठलं, आणि त्याच वर्षाच्या पोरांच्या टेबलावर त्याचं ताट लावते. "याला आजपासून तुमच्यात घ्या," एवढं सांगते. पहिले दोन दिवस लाजतात. मग आठवड्याने तोच पोरगा कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून येतो. पोरगी असेल तर मी माझ्या जवळच्या टेबलावर बसवते आणि तिचा नंबर तिच्या वर्गातल्या एखादीला देते, तिला विचारून.

डिप्लोमाची पोरं कष्टाळू असतात, हे मी इतकी वर्षं बघते आहे. माझा मिक्सर आणि ग्राइंडर त्यांनीच दुरुस्त केला.


फळा_आणि_खडू

काकू, तुम्ही जे करता ते आम्ही कॉलेजात करायला हवं.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचे पहिल्या सत्रात गुण घसरतात आणि नंतर बहुतेकांचे सावरतात, हे दरवर्षी दिसतं. दुसरीकडेही हेच दिसलेलं आहे. अमेरिकेत ज्युनिअर कॉलेजातून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांबाबत जॉन हिल्स यांनी १९६५ मध्ये हे मांडलं आणि त्याला "ट्रान्सफर शॉक" म्हटलं. मूल हुशार नाही म्हणून गुण घसरत नाहीत. नवी जागा, नवी पद्धत, उशिरा सुरुवात, हे सगळं एकदम अंगावर येतं म्हणून घसरतात. हे पालकांनी नीट समजून घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला म्हणून "तुला झेपत नाही, परत ये" असं म्हणू नका.

राहण्याबद्दल माझी मागणी छोटी आहे आणि मी ती आमच्याकडे लावून धरली आहे. डीएसईचे सगळे राउंड संपेपर्यंत होस्टेलच्या ठरावीक कॉट भरू नयेत. इंटेकच्या (मंजूर प्रवेशक्षमतेच्या) वरचे १० टक्के येणार हे संस्थेला मे महिन्यातच माहीत असतं. दुसरं, या मुलांना एकाच विंगमध्ये कोंबू नये. आमच्याकडे एका वर्षी सोयीचं म्हणून सगळ्या डिप्लोमावाल्यांना एका मजल्यावर टाकलं गेलं. वर्षभर तो मजला "डिप्लोमा फ्लोअर" म्हणून ओळखला गेला आणि मुलंही स्वतःला तसंच म्हणवून घ्यायला लागली. मला ते फार लागलं.


सह्याद्रीपल्याड

मॅडम, "एकाच मजल्यावर नको" यावर थोडं वेगळं सांगू का? आम्ही कॅलिफोर्नियात आहोत. इथे दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करून तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जाण्याचा रस्ता मोठा आहे, आमचा मुलगाही तसाच गेला. बर्कलीत २०२४ मध्ये अँकर हाउस नावाची इमारत अशाच ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी उघडली, ७७२ जणांची सोय, प्रत्येकाला वेगळी खोली आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर. यूसीएलएने २०२२ पासून ट्रान्सफर विद्यार्थ्यांना दोन वर्षं राहण्याची हमी दिली आहे. स्वतंत्र इमारतीचा फायदा मी पाहिला: तिथे प्रत्येक जण नवा असतो, त्यामुळे "तू इथे नवीन का?" असं कुणी कुणाला विचारत नाही.

वेळापत्रकाचं दुखणं मात्र इथेही आहे. ट्रान्सफरचे निकाल एप्रिलमध्ये लागतात. डेव्हिससारख्या गावात पुढच्या वर्षाचे भाडेकरार त्याआधीच, हिवाळ्यातच व्हायला लागतात. त्यामुळे विद्यापीठाने जागा धरून ठेवली नाही तर हीही मुलं मागेच राहतात.


फळा_आणि_खडू

@सह्याद्रीपल्याड, ७७२ जण एकत्र असतील तर ते एक गावच झालं, त्यात सगळ्या शाखा आल्या, क्लब आले. आमच्याकडे एका शाखेत सहा-सात मुलं असतात. सहा जणांचा वेगळा मजला केला की त्यांना फक्त शिक्का मिळतो. पण कॉट धरून ठेवण्याचा तुमचा मुद्दा मी पुढच्या बैठकीत नक्की मांडणार.


ढोल_पहिली_रांग

मुलींच्या बाजूने लिहिते. मी बार्शीची, ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) डिप्लोमा सोलापूरला, मग पुणे. आता नोकरीत आहे.

खासगी लेडीज होस्टेल घेताना गेट टाइम विचारा आणि तो लेखी मागा. आमच्याकडे रात्री साडेआठ होता. रोबोकॉनच्या (रोबो बनवायच्या स्पर्धेच्या) टीमचं काम संध्याकाळी सहाला सुरू व्हायचं, म्हणजे हातात काम आलं की निघायची वेळ. मी फॅकल्टी इनचार्जचं सही-शिक्क्याचं पत्र आणून वॉर्डन काकूंना दिलं, आठवड्यातून तीन दिवस दहापर्यंत परवानगी मिळाली. भांडण्यापेक्षा पत्र आणा, काम होतं.

मैत्री कशी जमली, तर हातातल्या कामामुळे. वर्गात मला कुणी ओळखत नव्हतं. टीमच्या वर्कशॉपमध्ये एका संध्याकाळी वायरिंग सारखं लूज होत होतं, सगळे कोडमध्ये चूक शोधत बसले होते. मी कनेक्टर उघडून बघितले, क्रिम्पिंग नीट नव्हतं. सगळे परत क्रिंप केले, दोन जॉइंट सोल्डर केले, रोबो चालला. त्या दिवसापासून मी टीममध्ये. डिप्लोमात आपण हे हजार वेळा केलेलं असतं. बाहा, सुप्रा (या दोन गाडी बनवायच्या स्पर्धा), रोबोकॉन या टीम फक्त पहिल्या वर्षाच्याच मुलांना घेतात असं वाटून डीएसईवाले विचारतच नाहीत. विचारा. लेथ चालवता येणारा, वेल्डिंग येणारा माणूस त्यांना हवाच असतो.

नाटकाची आवड असेल तर पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी आपण यायच्या आसपासच होऊन जाते, ती चुकते. पण फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या कलास्पर्धेच्या तालमी दिवाळीनंतर रंगात येतात, तेव्हा आपण स्थिरावलेले असतो. त्यात लाइट, नेपथ्य, संगीत, चित्र, सगळ्यांना जागा असते, स्टेजवर जायलाच हवं असं नाही. ढोल पथकाचा सराव गणपतीच्या दोन महिने आधी सुरू होतो, म्हणून पहिल्या वर्षी फक्त बघितलं. पुढच्या वर्षी जूनमध्येच नाव दिलं. पथकात कुणी बारावीचा, कुणी डिप्लोमाचा, कुणी बँकेत काम करणारा. नदीकाठी रोज संध्याकाळी दोन तास एकत्र वाजवलं की ओळखी आपोआप होतात. पुण्यात माझं स्वतःचं कुणीतरी आहे असं मला पहिल्यांदा तिथे वाटलं.


डेक्कनचा_सायकलवाला

परिस्थिती बेताची असेल तर पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती आहे, हे कुणीच लिहिलं नाही. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केली. खेड्यातून आलेल्या गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहं आहेत, खर्च अगदी माफक, आणि मुलाखत घेऊन प्रवेश देतात. "कमवा आणि शिका" हा तिथला कणा आहे. मी तिथे राहूनच शिकलो. खोलीत एक कृषीचा, एक कॉमर्सचा, एक माझ्यासारखा डिप्लोमावाला. तिथे कुणी कुणाला कुठून आलास म्हणून कमी लेखत नाही, कारण सगळेच कुठून तरी आलेले असतात. फॉर्म वेळेत भरा, आणि राउंड चालू असतानाच जाऊन चौकशी करा.


पंचगंगा

सगळं पुणं पुणं चाललंय. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय महाविद्यालय, आंबेगाव तालुक्यातलं अवसरी, यांचाही विचार करा. राहणं स्वस्त, सगळं चालत अंतरावर, आणि गाव लहान असल्यामुळे महिन्याभरात चहावालासुद्धा नावाने हाक मारतो. आमच्या कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि मग समाजासमाजांची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचं तर आधी त्याच्या राहण्या-जेवणाचं बघितलं पाहिजे, हे त्या माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. आज प्रवेशाच्या वेबसाइटवर फी दिसते, इंटेक दिसतो, पण डीएसईसाठी होस्टेलच्या किती कॉट आहेत हा रकाना नाही. तो असायला हवा. ऑप्शन फॉर्म भरतानाच मुलाला कळलं पाहिजे.


आकुर्डी_लोकल

@पंचगंगा, रकान्याचा मुद्दा एक नंबर. प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलकडे याच धाग्याच्या आधारे निवेदन देऊ या का? मी मसुदा लिहितो, मॅडमनी नजर टाकावी.


फळा_आणि_खडू

जरूर. पाठवा, मी बघते. मुलींच्या आणि मुलांच्या कॉट वेगळ्या दाखवा असंही त्यात घाला.


शेताच्या_बांधावरून

सर्वांचे आभार. दुसऱ्या राउंडला पुण्याचंच कॉलेज लागलं, फ्रीझ केलं. एजंटला काही दिलं नाही. रेक्टर मॅडमना भेटलो, अर्जाची पोच घेतली, वेटिंगला तिसरं नाव आहे. तोवर कॉलेजपासून थोड्या लांब एका लेडीज होस्टेलमध्ये कॉट मिळते आहे, खोलीत एक मुलगी तिच्याच वर्गातली आहे, बारावीवरून आलेली. पण मालकीणबाई म्हणतात ११ महिन्यांचे पैसे एकदम भरा. भरावेत का?


माळरान

अभिनंदन काका. पण ११ महिन्यांचे एकदम भरू नका. डिसेंबरअखेरपर्यंतचे भरतो आणि पुढे महिन्याच्या महिन्याला देतो असं सांगा, एक महिन्याची नोटीस लिहून घ्या. कारण जानेवारीत चित्र बदलतं. शेवटच्या वर्षाची बरीच मुलंमुली आठव्या सेमिस्टरला इंटर्नशिपसाठी बाहेर पडतात, कुणी हिंजवडीजवळ राहायला जातं, कुणी बंगळुरूला. कॉलेजजवळच्या कॉट तेव्हा मोकळ्या होतात आणि होस्टेलची वेटिंग लिस्टही सरकते. नोव्हेंबरमध्ये रेक्टर मॅडमना पुन्हा एकदा भेटून या, पोचपावती सोबत न्या.

मुलीला म्हणावं, वर्गातल्या त्या पार्टनरशी जमलं तर जानेवारीत दोघींनी मिळूनच जवळची रूम बघावी. आणि एम-थ्रीच्या माझ्या वह्या आहेत, पाहिजे असतील तर मला इथेच निरोप टाका, कॉलेजवर आणून देतो.


शेताच्या_बांधावरून

ठीक आहे. आजच मालकीणबाईंशी बोलतो. वह्या लागतील, ती हो म्हणाली आहे.